आपण ‘बापा’ कोणाला म्हणतो?

गेल्या श्रावणात मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर सायंउपासनेस जाण्याचा योग आम्हांस आला. पाऊस दोन दिवस लागून राहिला होता. ओहोळ ओलांडताना आमच्या सोबतचे सुवार्तिक बंधू दोनदा घसरले; परंतु शास्त्राचे पुस्तक त्यांनी प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून कोरडे राखिले. वीज गेलेली होती. चुलीच्या उजेडात दहाबारा माणसे दाटीने बसली होती. उपासनेच्या शेवटी घरातील वृद्ध बंधूंस आम्ही प्रार्थना करण्यास सांगितले. ते उठले, टोपी काढून काखेत धरली, उंबऱ्याच्या बाजूस थोडे सरकले, आणि हात जोडून, मान खाली घालून म्हणाले, “मायबाप, आम्ही गरीब माणसं. तुम्हीच आमचे पोशिंदे. काही चूकभूल झाली असेल तर पोटात घाला. पोराला काम मिळू द्या. तुमच्याशिवाय आम्हांला कोण आहे?” एवढे बोलून, आमेन म्हणण्यापूर्वी ते क्षणभर थांबले. समोरून काही उत्तर येते की काय, याची जणू त्यांनी वाट पाहिली.

या प्रार्थनेत कोणी दोष काढू नये. तिच्यात नम्रता होती आणि खोटेपणा मुळीच नव्हता. परंतु त्या रात्री आम्हांस नीट झोप आली नाही. कारण हेच बंधू, याच स्वरात, असेच उंबऱ्याशी सरकून उभे राहून बोलताना आम्ही पूर्वी एकदा पाहिले होते. ते स्थळ मंदिर नव्हते. ती एक सरकारी कचेरी होती, आणि त्यांच्या हातात शिधापत्रिका होती.

वाचकहो, प्रभूने आपल्या शिष्यांस प्रार्थना करण्यास शिकविले तेव्हा पहिला शब्द ‘पित्या’ हाच त्यांच्या तोंडी घातला. हा शब्द आपण रोज उच्चारितो. पण तो उच्चारताना आपल्या मनापुढे कोण उभा राहतो, हे आपण कधी स्वतःस विचारले आहे काय?

शब्दांस त्यांचा इतिहास असतो. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत ‘मायबाप’ हा शब्द फार जुना आहे, आणि तो घरातील आईबापांपेक्षा घराबाहेरील धन्यांसाठीच अधिक वापरला गेला आहे. जव्हार हे १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते. तेथे राजा मायबाप. संस्थान विलीन झाले, मग सरकार मायबाप. मधल्या काळात आणि त्यानंतरही सावकार मायबाप. पावसाळ्यात घरातील नागली-वरई संपली म्हणजे आमचे लोक सावकाराच्या ओसरीवर जाऊन खावटी आणीत आणि पीक निघाल्यावर ती दिढीने किंवा दुपटीने फेडीत. ज्याला लग्नासाठी पैसे नसत तो जमीनदाराकडून ते घेई आणि त्याबद्दल वर्षानुवर्षे, कधी कधी जन्मभर, त्याच्या शेतावर राबे. त्याला लग्नगडी म्हणत. नवऱ्यामागून नवरीही गडी होई. डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतील वारली बांधव १९४५ साली गोदावरी परुळेकर व श्यामराव परुळेकर यांच्या पुढाकाराखाली उठले ते या वेठीविरुद्ध आणि लग्नगड्याच्या चालीविरुद्धच. पुढे १९७६ साली वेठबिगारी बंद करणारा कायदा साऱ्या देशासाठी झाला. तरी अद्यापि दिवाळी झाली की आमच्या पाड्यांवर मुकादम येतो, उचल देतो, आणि कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात. ती होळीला सणापुरती घरी येतात आणि पुन्हा जाऊन पावसाच्या तोंडावर परततात. उचल फिटली की नाही, हे मुकादमाच्या वहीस ठाऊक.

या साऱ्या धन्यांस आम्ही मायबाप म्हटले. त्या शब्दात प्रेम नव्हते असे नाही. भुकेल्याला जो शेरभर दाणे देतो त्याच्याविषयी काही तरी मनात येतेच. परंतु त्या शब्दाच्या मुळाशी भय होते. ज्याच्या हाती आपले पोट आहे तो मायबाप. त्याचे मन कसे आहे हे आपल्याला कळत नाही. ते आज प्रसन्न, उद्या कठोर. म्हणून आधी त्याची स्तुती करावी, मग आपली हीनता सांगावी, मग हळूच मागणे काढावे. अर्ज लिहिण्याची ही रीत होय. आणि आमच्या कित्येक प्रार्थनांची रीतही हीच आहे.

अर्जाहून वेगळा दुसरा एक साचा आमच्या लोकांच्या ओळखीचा आहे, तो नवसाचा. पोर तापाने फणफणले की भगताकडे जावे, त्याने कौल लावावा, आणि बरे वाटल्यास कोंबडे देऊ असे कबूल करावे. बाप्तिस्म्याबरोबर कोंबडे सुटले, हे खरे. पण सौदा सुटला असे आम्हांस नेहमी दिसत नाही. “पोरगा बरा झाला तर मंडळीला पाचशे रुपये देईन,” असे म्हणणारे विश्वासू बंधू आम्हांस ठाऊक आहेत. बरे झाल्यावर कृतज्ञतेने अर्पण आणणे ही उपकारस्तुती, ती गोडच. परंतु देण्याची अट आधी घातली की ते अर्पण राहत नाही, किंमत होते. आणि येथे आमच्या सुवार्तिक बंधूंस, तसेच आम्हा पाळकांस, एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा नवस आम्ही कधी कधी हसून चालू देतो, कारण त्याने दानपेटी भरते. बापाला लाच देण्यास लेकरांस शिकविणे हे आमचे काम नव्हे.

आता प्रभूने काय केले ते पाहू. त्याची स्वतःची हाक ‘अब्बा’ ही होती. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. तथापि हा एक अरामी शब्द लिहिणारांनी तसाच ठेविला. मार्काच्या चौदाव्या अध्यायात, रोमकरांस पत्राच्या आठव्यात आणि गलतीकरांस पत्राच्या चौथ्यात तो आढळतो. भाषांतर करता आले नसते असे नाही, कारण लगेच पुढे त्याचा अर्थ दिलेलाच आहे. तो आवाज कोणाला विसरावासा वाटला नाही, एवढेच. कित्येक उपदेशक सांगतात की अब्बा हा तान्ह्या मुलाचा बोबडा शब्द होय. अलीकडील विद्वानांनी दाखविले आहे की हे तितकेसे खरे नाही. मोठी झालेली मुलेही आपल्या बापास तसेच म्हणत. आम्हांस यात तोटा दिसत नाही. आपल्याकडेही ‘बाबा’ असे दोन वर्षांचे पोर म्हणते आणि पन्नाशीचा मुलगाही म्हणतो. बापाशी जवळीक ठेवण्यास बोबडे व्हावे लागत नाही.

आमच्या भाषेत ही जवळीक ओळखण्याची एक सोपी खूण आहे. घरात पोर बापाला म्हणते, “बा, तू कधी आलास?” साहेबाला मात्र ‘तुम्ही’. पंढरीच्या वाटेवरचा वारकरी विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो, आणि आमच्या मराठी शास्त्रातही प्रार्थनेत देवाला ‘तू’च म्हटलेले आहे. मोखाड्याच्या त्या वृद्ध बंधूंनी मात्र आपल्या देवाला ‘तुम्ही’ म्हटले. आदराने म्हटले, हे आम्ही जाणतो. शहरातील सुशिक्षित घरांत बापालाही ‘तुम्ही’ म्हणतात आणि तेथे प्रीतीस उणे नसते. पण त्यांच्या पाड्यावर तसे कोणी म्हणत नाही. त्यांच्या घरात ‘तुम्ही’ फक्त परक्याला, आणि पाळकाला. तो दुसरा भाग लिहिताना आम्हांस थोडी लाज वाटते.

पौलाने रोमकरांस लिहिताना नेमके याच ठिकाणी बोट ठेविले आहे. पुन्हा भ्यावे असा दास्याचा आत्मा तुम्हांस मिळाला नाही, तर ज्याच्या योगे आपण अब्बा अशी हाक मारतो तो दत्तकपणाचा आत्मा मिळाला, असा त्याचा आशय आहे. पौलाच्या काळी रोमी राज्यात दास घरोघर होते. ऐकणाऱ्या मंडळीत कित्येक स्वतः दास असावेत. त्यांस हे वाक्य केवढे वाटले असेल! ज्यांच्या आज्यापणज्यांनी वेठ केली त्या आमच्या लोकांस ते तसेच ऐकू आले पाहिजे. धन्याला मायबाप म्हणणे हा दास्याचा शब्द. बापाला बाप म्हणणे हा घरचा शब्द. ऐकण्यास दोन्ही सारखे असले तरी त्यांत लग्नगडी आणि मुलगा यांच्याइतके अंतर आहे.

लूकच्या पंधराव्या अध्यायातील धाकट्या मुलाची गोष्ट आपण इतकी ऐकली आहे की तिच्यातील एक बारकावा आपल्या कानांवरून निसटून जातो. डुकरांत बसून त्याने जे भाषण तयार केले ते चक्क एक अर्ज होता. मी पाप केले, पुत्र म्हणवून घेण्यास योग्य नाही, मला एका मोलकऱ्यासारखे ठेवा, असे तीन भाग त्यात होते. घरी आल्यावर तो पहिले दोन बोलला. तिसरा भाग बोललाच नाही. बापाने त्यास पुरते बोलू दिले नाही. मध्येच चाकरांस हाक मारून उंची झगा आणविला. मोलकऱ्याची जागा मागण्याइतका अवकाश त्याला मिळालाच नाही. आणि थोरला मुलगा? तो घरातच होता, तरी इतकी वर्षे मी तुमची चाकरी केली असेच तो म्हणतो. एकाला मोलकरी व्हायचे होते. दुसरा मुलगा असून मोलकरीच राहिला होता. आमच्या मंडळ्यांत हा दुसरा बंधू अधिक आढळतो.

येथवर वाचून एखादा सुवार्तिक म्हणेल, “ठीक आहे, मी लोकांस सांगेन की देव तुमच्या बापासारखा आहे.” बंधूंनो, जपून. जव्हार भागातील एका आश्रमशाळेत शिकणारी एक मुलगी सुटीत आमच्या मंडळीत येत असे. प्रभूची प्रार्थना सर्वांबरोबर म्हणताना ती पहिली ओळ गाळी आणि मग सामील होई. तिला स्वतः प्रार्थना करावयास सांगितले तर ‘प्रभू’ असे आरंभी, ‘बापा’ असे कधीच नाही. सुवार्तिकाने दोनदा समजाविले, तिसऱ्यांदा रागे भरले. चौकशी केली तेव्हा कळले की तिच्या बापाने भट्टीची उचल घेतली ती दारूत घालविली, आणि ती फेडण्यास तिच्या आईने व थोरल्या भावाने सारा हंगाम चिखल तुडविला. घरी तो मारी. तिला ‘बाप’ हा शब्द म्हणजे रात्री दाराशी वाजणारी पावले. आम्ही सुवार्तिकास सांगितले की तिला तसेच राहू द्या. प्रभूने कोणाचीही हाक शब्द चुकल्याबद्दल परत केलेली नाही.

या मुलीपासून आम्ही एक गोष्ट शिकलो. आपल्या बापाकडे पाहून देव कसा असेल याचा अंदाज बांधणे ही उलटी वाट आहे. इफिसकरांस पत्रात म्हटले आहे की पितृत्वाचे नाव त्याच्यापासून आले आहे. म्हणजे आरंभ त्याच्याकडून. मूळ नाणे तिकडे, आमच्या घरांत त्याच्या नकला. काही बऱ्या, काही झिजलेल्या, काही सरळ खोट्या. खोटे नाणे हाती आले म्हणून खरे नाणेच नाही असे कोणी म्हणत नाही. उलट खरे असते म्हणूनच खोटे ओळखू येते. त्या मुलीला आपला बाप वाईट आहे हे कसे कळले? बाप कसा असावा हे तिच्या आत कोणी तरी लिहून ठेविलेले होते म्हणूनच ना?

आणि जे ‘बापा’ म्हणू शकत नाहीत त्यांच्यासाठी शास्त्राने दुसरे दारही बंद केलेले नाही. यशयाच्या एकोणपन्नासाव्या आणि सहासष्टाव्या अध्यायांत देव आपली तुलना आईशी करितो. प्रभू यरुशलेमेविषयी बोलताना स्वतःस पिलांस पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा देतो. आमच्या मराठी मंडळीत तर ही भाषा परकी नाहीच. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत, आणि संतांनी विठ्ठलास माउली म्हटले तसे त्यांनी ख्रिस्तास माउली म्हटले. त्यावेळी काहींस ते रुचले नसेल. आज त्यांची गीते गाताना कोणास शंका येत नाही. आमचे मत असे की आईची उपमा खुशाल वापरावी, पण ‘पिता’ हा शब्द सोडू नये. कारण तो आम्ही निवडलेला नाही, प्रभूने दिलेला आहे. वाईट बापांनी तो मळविला म्हणून तो त्यांच्या स्वाधीन करून आपण निघून जावे काय?

याहून कठीण प्रश्न अद्यापि पुढेच आहे. आम्हांस तो एका आईने विचारला.

तिचे मूल सव्वा वर्षाचे होते. ते पावसाळ्यात गेले. जुलाब लागले, अंग आधीच सुकलेले. रस्ता वाहून गेलेला असल्याने झोळीतून नेता नेता वाटेतच प्राण गेला. पुरल्यानंतर आम्ही तिच्याजवळ बसलो आणि पाठशाळेत शिकलेले उत्तर दिले, की देवाची योजना आपणांस कळत नाही. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, “पाळकबाबा, तुम्हीच वाचून दाखवलं होतं ना, पोरानं भाकर मागितली तर कोणता बाप धोंडा देईल? माझ्या पोराला तर भाकरच पुरली नाही. मग तो बाप कोणाचा?”

ते उत्तर आम्ही तेव्हा दिले याचा आम्हांस आजही पस्तावा आहे. तिच्या प्रश्नाला ते उत्तरच नव्हते. तिला गप्प करण्याची ती एक रीत होती.

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने आणि त्याबरोबरच्या आजारांनी अनेक आदिवासी बालके दगावली. सारा महाराष्ट्र हादरला, मंत्री आले, योजना निघाल्या. २०१४ साली १ ऑगस्टला पालघर हा निराळा जिल्हा झाला. तरी २०१६ साली मोखाडा तालुक्यातील बालमृत्यूंची वार्ता पुन्हा राज्यभर गाजली. प्रत्येक वेळी त्या घरांत कोणी तरी कोणत्या तरी देवाला हाक मारलीच असेल. काही घरांत ‘बापा’ अशीही मारली असेल.

आम्ही जे समजलो ते सांगतो. त्याहून अधिक समजल्याचा आव आणीत नाही. पहिली गोष्ट, ‘अब्बा’ ही हाक मार्काच्या शुभवर्तमानात एकदाच ऐकू येते, आणि ती गेथशेमाने बागेत. प्याला टळावा असे पुत्राने मागितले. प्याला टळला नाही. ज्याने आपणांस बापाकडे मागण्यास शिकविले त्यालाच नकार मिळाला. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर त्याच्या तोंडून, मत्तय आणि मार्क सांगतात त्याप्रमाणे, ‘माझ्या देवा’ अशी हाक निघाली आणि तिच्यापुढे ‘का’ असा प्रश्न होता. लूक सांगतो की शेवटी ‘हे बापा’ असे म्हणून त्याने प्राण सोडला. या दोन हाकांच्या मधल्या वेळात काय झाले हे कोणत्याही पाठशाळेत शिकवीत नाहीत. त्या आईने विचारलेला प्रश्न अविश्वासाचा असेल तर प्रभूचाही अविश्वासच म्हणावा लागेल. आम्ही तसे म्हणण्यास धजत नाही. ‘का’ असे धन्याला विचारता येत नाही. ते बापालाच विचारतात.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. प्रभूने ‘माझ्या बापा’ असे म्हणण्यास शिकविले नाही, ‘आमच्या’ असे शिकविले; आणि भाकरही ‘माझी’ नव्हे, ‘आमची’. एका बापाच्या दहा लेकरांपैकी एक उपाशी निजले तर शेजारी प्रथम कोणाकडे पाहतात? बापाने दाणे आणले की नाही हे पाहतात, आणि आणले असतील तर ते कोणी उचलून ठेविले हे विचारतात. आमच्या डोंगरांवर पाऊस उदंड पडतो. वैतरणेचे पाणी धरणांत साठते आणि मुंबईला जाते. मध्य वैतरणा धरण तर मोखाड्याच्याच हद्दीत. आणि चैत्र-वैशाखात मोखाड्याच्या पाड्यांवर बाया दगडांतल्या झऱ्याशी वाटीने हंडा भरीत बसतात किंवा टँकरची वाट पाहतात. मुंबईकरांनी पाणी पिऊ नये असे आम्ही म्हणत नाही. तेही त्याच बापाची लेकरे. पण बापाने पाणी दिले नाही, असे मात्र कोणास म्हणता येणार नाही. धोंडा बापाच्या हातून आला नव्हता. भाकर आली होती. ती मधल्या हातांनी ठेवून घेतली. त्या हातांत आमचाही हात आहे. त्या पावसाळ्यात आमच्या मंडळीच्या पेटीत छपराच्या कामासाठी रक्कम पडून होती.

एवढ्याने प्रश्न संपतो काय? नाही. सर्पदंशाने गेलेले पोर, जन्मतःच अधू आलेले पोर, यांत कोणत्या भावाने काय लपविले? तेथे आम्ही निरुत्तर होतो. बोहाडा मोखाड्या-जव्हाराकडील वाचकांस ठाऊक आहेच. रात्री मुखवटे घालून, मशालींच्या उजेडात, सोंगे नाचत येतात. लहानपणी आम्ही असे पाहिले की राक्षसाचे सोंग पुढे येताच एक पोर किंचाळून आईला बिलगले. सोंग त्याच्याजवळ थांबले आणि मुखवट्यामागून हळूच त्याच्या नावाने हाक आली. पोर रडायचे थांबले. हात पुढे करून मुखवट्याला चाचपू लागले. मुखवटा तसाच भयंकर होता, पण आवाज बापाचा होता. ही उपमा आम्ही ताणू इच्छीत नाही. मेलेले मूल हा मुखवटा नव्हे, आणि तसे त्या आईस सांगणे क्रूरपणाचे होईल. पण ज्याने तो आवाज आधी कधी ऐकलेला आहे त्याला अंधारात तो ओळखू येण्याचा संभव असतो, एवढे खरे. म्हणून रोजची प्रार्थना. संकटाच्या रात्री नवीन ओळख करून घेणे फार कठीण जाते.

कोणी विचारतात की बापाला मागण्याआधीच ठाऊक आहे असे प्रभू म्हणतो, मग सांगावे कशाला? भट्टीवरून परतलेले पोर बापाला वाटेतील सर्व हकीकत सांगते. गाडी कुठे थांबली, कोणी भांडले, कुत्रे कसे मागे लागले. बापही त्याच गाडीत होता! तरी पोर सांगते आणि बाप ऐकतो. तेथे माहिती पोचविण्याचा प्रश्नच नसतो.

घरच्या प्रार्थनेविषयी दोन शब्द. ती लांब नसावी. ती आपल्या बोलीत असावी. वारली असेल तर वारलीत, कोकणी असेल तर कोकणीत, कातकरी असेल तर कातकरीत. आम्ही पाळक व्यासपीठावरून जी संस्कृतप्रचुर प्रार्थना करितो ती ऐकून लोकांस वाटते की देवाला हीच भाषा कळते. आणि मग बाया तोंड उघडीत नाहीत. हा दोष आमचा. भट्टीवर रविवारी काम थांबत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. विटा थापता थापता ‘बा, बघ रे’ एवढे म्हटले तरी ती प्रार्थना पुरी आहे. आणि मागताना भिऊ नये. पोराला काम हवे, नांगराला बैल हवा, खोकला थांबावा, असे सरळ मागावे. आधी स्तुतीची चार वाक्ये न म्हटल्यास बाप रुसून बसत नाही.

त्या मुलीची पुढील हकीकत सांगावयाची राहिली. तिचा बाप क्षयाने अंथरुणास खिळला, तेव्हा एका उपासनेत ती आपणहून उठली आणि तिने त्याच्यासाठी प्रार्थना केली. आरंभ ‘प्रभू’ असाच केला. सुवार्तिकांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही मान हलविली. ती आईही चार महिन्यांनी मंडळीत परत आली. प्रभूची प्रार्थना म्हणताना भाकरीचे वाक्य आले की ती गप्प राहते, मग पुढे सामील होते. आम्ही तिला काही म्हटलेले नाही. दर रविवारी त्या वाक्यापाशी आमचाही आवाज किंचित खाली येतो.

होळीनंतर त्या वृद्ध बंधूंकडे पुन्हा जाणे झाले. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांविषयी मागच्या खेपेस आम्ही त्यांच्याशी सहज बोललो होतो. त्यांनी ते ऐकून मान डोलविली होती, एवढेच. या खेपेस मुलगा भट्टीवरून सणाला आला तो तापामुळे मागे राहिलेला, कोपऱ्यात घोंगडी पांघरून निजलेला. उपासनेच्या शेवटी वृद्ध बंधू उठले. टोपी काढली. उंबऱ्याकडे सरकू लागले, मग थांबले आणि मुलाच्या उशाशी येऊन खाली बसले. “मायबाप, तुम्ही...” असा आरंभ केला आणि गप्प झाले. बराच वेळ गेला. चुलीत लाकूड तडकले. मग अगदी हलक्या आवाजात ते म्हणाले, “बा, पोर तापलंय. तू हाय ना?”

आतून त्यांची म्हातारी म्हणाली, “हाय, हाय. पुढं सांग.”